बोवरीचा दादा आणि पिस्तुलाचा परवाना

सप्टेंबर 1913. न्यू यॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलचं शवागार. रेल्वेखाली सापडलेल्या एका धिप्पाड माणसाचं प्रेत जवळजवळ दोन आठवडे बेवारस पडून आहे. ओळख पटलेली नाही, कोणी विचारायलाही आलेलं नाही. आता नियमाप्रमाणे ते गोरगरिबांच्या दफनभूमीत जाणार, जिथे थडग्यावर नावही लागत नाही. न्यायच्या आधी शेवटची नजर टाकायची म्हणून ड्युटीवरचा पोलीस शिपाई वाकतो, चेहरा बघतो आणि हबकतो. अरे, हा तर बिग टिम!

तुम्ही हे नाव ऐकलेलं असण्याची शक्यता कमी आहे. पण त्या काळात मॅनहॅटनच्या खालच्या भागात, बोवरी नावाच्या रस्त्याच्या आजूबाजूला, शाळकरी पोरापासून पाकीटमारापर्यंत सगळे टिमोथी सलिव्हनला ओळखत होते. आपल्याकडे असता तर चौकाचौकात त्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागले असते आणि लोकांनी त्याला 'भाऊ' किंवा 'दादा' म्हटलं असतं. तिकडे त्याला 'बिग टिम' म्हणायचे. 2022 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बंदुकांबद्दलचा एक प्रचंड गाजलेला निकाल दिला, त्या निकालपत्रातही या माणसाचं नाव आहे. मेल्यानंतर तब्बल 109 वर्षांनी! ते तिथे कसं पोचलं, तेच आज बघू.

टिमचा जन्म 1862 चा, फाइव्ह पॉइंट्स नावाच्या वस्तीतला. ही तेव्हाच्या न्यू यॉर्कमधली सगळ्यात बदनाम वस्ती. आईबाप आयर्लंडमधून, केरी परगण्यातून आलेले. एका खोलीत सगळं कुटुंब, खाली चिखल, शेजारी दारूचा गुत्ता. टिम चार-पाच वर्षांचा असताना वडील गेले. आईने दुसरं लग्न केलं, तर सावत्र बाप दारुडा आणि मारकुटा निघाला. आई लोकांचे कपडे धुवायची. पोरगा सात-आठ वर्षांचा झाल्यावर बूटपॉलिशची पेटी आणि पेपरचा गठ्ठा घेऊन रस्त्यावर उतरला.

त्याच्या लहानपणीचा बुटांचा किस्सा तो पुढे सगळ्यांना सांगायचा. ऐन हिवाळ्यात हा फाटक्या बुटांनी शाळेत यायचा. बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी खटपट करून त्याला नवे बूट मिळवून दिले. मोठेपणी हातात पैसा आल्यावर टिमने दर फेब्रुवारीत बोवरीतल्या हजारो फाटक्या माणसांना बूट आणि लोकरी मोजे वाटायचा रिवाज पाडला. नाताळला जेवणावळी घातल्या. त्यातही हजारो पानं उठायची. उन्हाळ्यात बोटीने सहली काढल्या. मत दिलंस का, असं पंगतीत कोणी विचारायचं नाही. विचारायची गरजच नव्हती म्हणा.

पंचविशी गाठायच्या आत तो चार-सहा दारूच्या गुत्त्यांत मालक किंवा भागीदार झाला होता. गंमत म्हणजे स्वतः दारूला शिवत नव्हता, सिगारेटही ओढत नव्हता. जुगाराचा नाद मात्र जबरदस्त. 1886 मध्ये तो राज्याच्या विधानसभेवर निवडून गेला. पक्ष डेमोक्रॅटिक, पण खरी ताकद टॅमनी हॉलची. टॅमनी हॉल म्हणजे शहराचं राजकारण चालवणारी यंत्रणा. कोणाला नोकरी हवी, कोणाचा पोरगा पोलिसांनी उचलला, कोणाच्या घरी कोळसा संपला, सगळ्यासाठी टॅमनीचा माणूस हजर. बदल्यात मतदानाच्या दिवशी तुम्ही हजर. काही जण तर एकाच दिवसात तीन-तीन, चार-चार वेळा हजर! आधी दाढीमिशांसकट मत द्यायचं, मग न्हाव्याकडे जाऊन दाढी काढून दुसरं, मग कल्ले उडवून तिसरं, मग मिशी उतरवून चौथं. दाढीवाला मतदार किती कामाचा असतो हे टिमनेच समजावून सांगितलं होतं म्हणतात. या कामात मंक ईस्टमन आणि पॉल केली यांच्यासारख्या टोळीवाल्यांची पोरंही लागायची.

म्हणजे माणूस चांगला की वाईट? थांबा, इतक्यात ठरवू नका. आणखी दोन प्रसंग बघा.

पहिला 1889 चा. न्यू यॉर्क पोलिसांचा तेव्हाचा बडा अधिकारी थॉमस बर्न्स याने एक विधेयक आणवलं. आयुष्यात एकदा जरी शिक्षा झालेली असेल, तरी अशा माणसाला पोलिसांनी दिसताक्षणी अटक करावी, अशी त्यात सोय होती. टिम त्याला आडवा गेला. अशी मोकळीक दिली तर पोलीस तिचं काय करतील, हे त्याच्या वस्तीइतकं कोणाला ठाऊक होतं? बर्न्सने चिडून त्याच्या गुत्त्यांवर धाडी घातल्या आणि हा चोरांचा मित्र आहे असा गाजावाजा केला. तेव्हा टिम सभागृहात उभा राहिला आणि आपलं सगळं बालपण त्याने सांगून टाकलं. बाप नसणं, आईचं धुणं, रस्त्यावर पेपर विकणं. बोलताना रडला. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत तोच. टिम मोठा झाला तो त्या दिवशी. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा 1912 चा. आदल्या वर्षी, 25 मार्च 1911 ला, ट्रँगल शर्टवेस्ट नावाच्या कपड्याच्या कारखान्याला आग लागली आणि 146 कामगार मेले. बहुतेक स्थलांतरित मुली, काही तर तुमच्याहून लहान. दाराला कुलूप होतं. त्यानंतर फ्रान्सिस पर्किन्स नावाची एक तरुण कार्यकर्ती राजधानी ऑल्बनीत ठाण मांडून बसली. बायकांकडून आठवड्याला 54 तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचं नाही, एवढीच तिची मागणी. पक्षाच्या नेत्यांना हे विधेयक गोड बोलून बुडवायचं होतं. डबाबंद फळं-भाज्यांच्या कारखान्यांना त्यातून वगळून त्यांनी ते मतदानाला आणलं. त्यांचा हिशेब असा, की पर्किन्सबाई हे मान्य करणार नाहीत आणि प्रकरण आपोआप मिटेल. बाईंनी मान्य केलं! नेत्यांची धांदल उडाली, काहींनी मतं फिरवली. टिम सलिव्हन आणि त्याचा चुलतभाऊ आपली मतं देऊन रात्रीची न्यू यॉर्कची बोट पकडायला धक्क्यावर पोचले होते. बाईंनी तिकडे फोन लावला. हे दोघे तसेच उलट फिरले आणि धापा टाकत टेकडी चढून सभागृहात हजर झाले. विधेयक पास. टिमचं म्हणणं साधं होतं. आपल्या बहिणीलाही कोवळ्या वयात कामावर जावं लागलं होतं. हीच फ्रान्सिस पर्किन्स 1933 मध्ये अमेरिकेची पहिली महिला केंद्रीय मंत्री झाली, आणि बिग टिमची आठवण ती पुढे कायम आदराने काढत राहिली.

आता येऊ पिस्तुलांकडे.

1910 च्या आसपास न्यू यॉर्कमध्ये पिस्तूल घेणं म्हणजे छत्री घेण्याइतकं सोपं होतं. ऑगस्ट 1910 मध्ये महापौर विल्यम गेनर बोटीवर उभे असताना, नोकरीवरून काढलेल्या एका माणसाने त्यांच्या गळ्यात गोळी घातली. ते वाचले, पण गोळी शेवटपर्यंत आतच राहिली. मग 23 जानेवारी 1911 ला डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स हा गाजलेला कादंबरीकार ग्रॅमर्सी पार्कजवळून चालला असताना एकाने त्याच्यावर सहा गोळ्या झाडल्या आणि लगेच स्वतःलाही संपवलं. मारेकरी चांगल्या घरातला, हार्वर्डमध्ये शिकलेला, व्हायोलिन वाजवणारा. फिलिप्सने कादंबरीत आपल्या बहिणीची बदनामी केली, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. दुसऱ्या दिवशी फिलिप्स गेला. शहर हादरलं. बोवरीत रोज कोणी ना कोणी गोळी खात होतं, तेव्हा ते एवढं हादरलं नव्हतं, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कोरोनरच्या कचेरीतला जॉर्ज ल ब्रन हा अधिकारी अशा केसेस बघून बघून वैतागला होता. त्याने कायद्यासाठी मोहीम उघडली आणि राज्याच्या सिनेटमध्ये ते विधेयक मांडलं कोणी? बिग टिमने. मे 1911 मध्ये ते भरघोस मतांनी मंजूर झालं आणि ऑगस्ट संपता संपता लागू झालं. खिशात लपेल असं कोणतंही हत्यार बाळगायचं तर पोलिसांकडून परवाना घ्या. विनापरवाना घरात ठेवलं तर किरकोळ गुन्हा, अंगावर घेऊन हिंडलात तर गंभीर गुन्हा. लोकांनी त्याला नावच दिलं सलिव्हन कायदा.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? आपल्याकडे तर परवान्याशिवाय बंदुकीला हातही लावता येत नाही. खरंय. इंग्रजांनी 1878 मध्ये शस्त्र कायदा आणला तो हिंदी माणसाच्या हातात हत्यार राहू नये म्हणून, आणि स्वतंत्र भारताने 1959 मध्ये आपला कायदा केला तरी परवाना राहिलाच. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, ही बातमी तर तुम्ही दर निवडणुकीला वाचता. आपल्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही. अमेरिकेत मात्र आहे. 1791 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत तो लिहिलेला आहे, त्यामुळे तिकडे परवान्याचं नाव काढलं की लोक थेट कोर्टात जातात.

सलिव्हन कायदा लागू झाला आणि कसा वापरला गेला? सप्टेंबर 1911 मध्ये या कायद्याखाली पहिली कैद झाली ती मारिनो रॉसी नावाच्या इटालियन स्थलांतरिताला. 'ब्लॅक हँड' या खंडणीखोरांच्या भीतीने तो जवळ पिस्तूल ठेवायचा. एक वर्षासाठी रवानगी सिंग सिंग तुरुंगात. वर न्यायाधीशाने त्याला त्याच्या तापट देशबांधवांच्या सवयींवर व्याख्यानही दिलं. इकडे बोवरीतल्या टोळीवाल्यांनी कोटांचे खिसे शिवून टाकले, अशी गोष्ट सांगतात. का? तर झडतीच्या वेळी पोलिसांनी स्वतःच खिशात पिस्तूल सरकवून आत टाकू नये म्हणून. टीकाकार म्हणायचे की टिमला हवंच होतं ते. परवाना द्यायचा पोलिसांनी, पोलीस टॅमनीच्या मुठीत, म्हणजे जो गुंड ऐकत नाही तो आत.

1889 मध्ये पोलिसांच्या मोकाट अधिकाराविरुद्ध रडून बोललेला हाच तो माणूस. मला विचाराल तर त्याचा हेतू एकच होता असं मी म्हणणार नाही. त्याच्याच मतदारांची पोरं गोळ्यांनी मरत होती, हेही खरं, आणि परवान्याची किल्ली आपल्या माणसांकडे राहणार, हेही त्याला न कळण्याइतका तो भोळा नव्हता. कायद्याने गोळ्या थांबल्याही नाहीत. 16 जुलै 1912 च्या मध्यरात्रीनंतर मेट्रोपोल हॉटेलच्या दारात हर्मन रोझेन्थाल या जुगारअड्डेवाल्याला चौघांनी उडवलं. हा टिमच्या जवळचा. चार्ल्स बेकर नावाचा पोलीस अधिकारी आपल्या अड्ड्यात भागीदार होता, असं त्याने नुकतंच पेपरात सांगून टाकलं होतं. ते चौघे आणि पुढे खुद्द बेकर विजेच्या खुर्चीत गेले.

मग कोर्टाची लढाई. जोसेफ डार्लिंग नावाच्या गृहस्थाला घरात विनापरवाना पिस्तूल ठेवल्याबद्दल पकडलं आणि त्याने कायद्यालाच आव्हान दिलं. शस्त्र बाळगण्याचा हक्क असताना सरकार परवाना मागतंच कसं, असा त्याचा सवाल. 1913 मध्ये न्यू यॉर्कच्या अपील कोर्टाने तो फेटाळला. कारण नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ इथे आहे. दुसरी घटनादुरुस्ती फक्त केंद्र सरकारचे हात बांधते, राज्यांचे नाही, असं तेव्हा मानलं जायचं. 1886 मध्ये, म्हणजे टिम पहिल्यांदा आमदार झाला त्याच वर्षी, सुप्रीम कोर्टाने हर्मन प्रेसरच्या खटल्यात तसं सांगितलं होतं. हा प्रेसर शिकागोत जर्मन कामगारांच्या तुकडीचा म्होरक्या. घोड्यावर बसून, हातात तलवार घेऊन, बंदूकधारी चारशे जणांना घेऊन त्याने विनापरवाना संचलन केलं. दंड दहा डॉलर, आणि तो कायम झाला. राहता राहिली न्यू यॉर्क राज्याची स्वतःची घटना, तर तिच्यात शस्त्रांचा हक्क लिहिलेलाच नव्हता. तो होता एका साध्या कायद्यात, आणि साधा कायदा विधिमंडळ बदलू शकतं. डार्लिंग हरला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन दोन शब्द आले, 'योग्य कारण'. पिस्तूल लपवून बाहेर न्यायचं असेल तर चारित्र्य चांगलं पाहिजे आणि योग्य कारणही दाखवता आलं पाहिजे.

हे सगळं चाललं होतं तेव्हा टिमला त्यातलं काय कळत होतं, देव जाणे. नोव्हेंबर 1912 मध्ये तो पुन्हा काँग्रेसवर निवडून आला, पण शपथ घ्यायला गेलाच नाही. मेंदू बिघडला होता. सिफिलिस अखेरच्या टप्प्यात गेला असावा असं मानतात. सगळीकडे शत्रू दिसायचे, जेवणात विष घातलंय असं वाटायचं. जानेवारी 1913 मध्ये त्याला मनोरुग्णालयात ठेवलं, नंतर ब्राँक्समध्ये भावाच्या घरी, रात्रंदिवस पहाऱ्यात. ऑगस्टच्या अखेरच्या रात्री तो पहारेकऱ्यांबरोबर उशिरापर्यंत पत्ते खेळला, त्यांना डोळा लागला आणि हा निसटला. पेल्हम पार्कवेजवळच्या रुळांवर मालगाडीखाली तो सापडला. घरचे त्याला शहरभर शोधत होते आणि तो शवागारात पडून होता.

ओळख पटल्यावर मात्र बोवरी लोटली. मॉट स्ट्रीटवरच्या जुन्या सेंट पॅट्रिक्स चर्चपाशी 25,000 हून जास्त माणसं जमली. सिनेटर, न्यायाधीश, नट, मुष्टियोद्धे, पाकीटमार आणि पायात त्याने दिलेले बूट घातलेले कितीतरी जण.

माणूस गेला, कायदा राहिला. दोन महायुद्धं झाली, टॅमनी हॉल संपला, बोवरी चकाचक झाली, तरी न्यू यॉर्कमध्ये पिस्तूल खिशात घालायचं तर 'योग्य कारण' सांगावं लागायचंच. नुसती भीती वाटते हे कारण चालायचं नाही, इतरांपेक्षा तुम्हाला वेगळा धोका आहे हे दाखवायला लागायचं. बड्यांना, ओळखीपाळखीवाल्यांना परवाना मिळतो आणि बाकीच्यांना नाही, ही तक्रार तेव्हापासूनची. 2022 च्या खटल्यात तर काळ्या आणि गरीब आरोपींच्या वकिलांच्या काही संघटनांनीही कोर्टाला सांगितलं, की या कायद्याखाली आमचेच अशील तुरुंगात जातात. मारिनो रॉसीची आठवण झाली ना?

दरम्यान कोर्टाचा वारा फिरला होता. 2008 मध्ये वॉशिंग्टन शहराच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. 2010 मध्ये शिकागोच्या खटल्यात पुढची पायरी आली. हा हक्क राज्यांनाही बांधील. झालं, डार्लिंगला हरवणारी भिंतच पडली. मग न्यू यॉर्कच्या रायफल आणि पिस्तूल संघटनेने, परवाना नाकारलेल्या दोघांना बरोबर घेऊन, थेट 'योग्य कारणा'वरच बाण सोडला. 23 जून 2022 ला निकाल लागला, सहा विरुद्ध तीन. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलं की घटनेने दिलेला हक्क वापरायला नागरिकाने खास गरज सिद्ध करायची नसते. शिवाय नवी कसोटी घालून दिली. बंदुकीवरचा कोणताही निर्बंध टिकवायचा तर अमेरिकेच्या जुन्या परंपरेत तसा निर्बंध होता, हे सरकारने दाखवायचं. तेव्हापासून तिकडचे वकील दीड-दोनशे वर्षांपूर्वीचे कायदे धुंडाळत बसलेत. टिमचा 1911 चा कायदा आपल्याला जुनापुराणा वाटतो, या कसोटीला तो फारच अलीकडचा पडला.

निकालानंतर आठवड्याभरात ऑल्बनीत खास अधिवेशन भरलं आणि नवा कायदा झाला. टाइम्स स्क्वेअर आणि भुयारी रेल्वे अशा ठिकाणी पिस्तूल न्यायला बंदी, सोळा तासांचं वर्गातलं प्रशिक्षण, दोन तास प्रत्यक्ष नेमबाजी. त्यालाही लगेच कोर्टात खेचलं गेलं. काही कलमं अडकली, बरीचशी टिकली. पिस्तुलाला परवाना मात्र आजही लागतो आणि न्यू यॉर्क शहरात त्याचा अर्ज पोलिसांकडेच करावा लागतो, टिमने ठरवून दिल्याप्रमाणे. तुमचं चारित्र्य कसं आहे, हे ते अजूनही विचारतात. कशासाठी हवंय, हे मात्र आता विचारता येत नाही.